गुरगुरणे (पाळीव कुत्र्याचे)

कुत्र्याने घशातून काढलेला खर्जातला, सलग आवाज. भीती, वेदना, अन्नाची वा जागेची राखण आणि खेळ अशा परस्परभिन्न प्रसंगी तो निघतो; म्हणून शरीराकडेही पाहावे लागते. ताठरलेले अंग, रोखलेली नजर, वर खेचलेला ओठ किंवा पोटाखाली घेतलेली शेपटी असेल तर तो इशारा. रस्सीखेचीत सैल अंगाने गुरगुरणारे कुत्रे बहुधा खेळतच असते.

हंगेरीतील तमाश फारागो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाड राखतानाचे गुरगुरणे ध्वनिमुद्रित करून इतर कुत्र्यांना ऐकवले. ते ऐकून पुष्कळ कुत्री समोरच्या हाडापासून मागे सरली. अनोळखी माणसावरच्या गुरगुरण्याचा तेवढा परिणाम झाला नाही.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला फटका देणे ही घरोघरची चूक. मारल्याने भीती जात नाही. फक्त इशारा दबतो आणि पुढे ते न गुरगुरता चावू शकते. त्यापेक्षा जागीच थांबावे, नजर वळवावी, सावकाश मागे व्हावे. मुलांना तर लगेच दूर न्यावे. जेवणाच्या भांड्यावर गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रोज सुरक्षित अंतरावरून आवडीचा तुकडा टाकत गेल्यास माणसाचे जवळ येणे त्याला हळूहळू हवेसे वाटू लागते. भांडे हिसकावून ‘सवय लावणे’ उलटते. एरवी शांत असलेले कुत्रे हात लावताच गुरगुरू लागले, तर कान, दात किंवा सांध्यांचे दुखणे संभवते. अशा वेळी प्रशिक्षकाआधी पशुवैद्य गाठावा.