देवमाशाचा घोडा

देवमासा हा मासा नव्हे आणि पाणघोडा हा घोडा नव्हे. तरीही ही नावे आपण निःशंकपणे वापरतो. अनोळखी प्राण्याला ओळखीच्या प्राण्याचे नाव देण्याची ही रीत अन्य भाषांतही आढळते. स्वीडिश भाषेतील ‘वालरॉस’ हा शब्द त्यापैकीच एक. उत्तर ध्रुवाकडील हिमसागरात राहणाऱ्या, दोन लांब सुळे असलेल्या वॉलरसचे हे नाव. ‘वाल’ म्हणजे देवमासा, ‘रॉस’ म्हणजे घोडा. आज स्वीडनमध्ये घोड्याला ‘हेस्त’ म्हणतात; परंतु गॉटलंड बेटावरील ठेंगण्या घोड्यांच्या ‘रुस’ या नावात तो प्राचीन शब्द टिकून आहे.

इ. स. ८९० च्या सुमारास ओटार नामक नॉर्वेच्या दर्यावर्द्याने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला या प्राण्याचे सुळे नजर केले. त्या वृत्तान्तात प्राण्याचे नाव ‘घोडा-देवमासा’ असे आहे. म्हणजे घोडा आधी, देवमासा नंतर. पुढे हा क्रम उलटला. स्वीडिश शब्द डच भाषेच्या वळणाने आला आणि डच लोक देवमाशाला ‘वालव्हिस’ म्हणतात. त्या धर्तीवर ‘वाल’ पुढे सरकला असावा, असे अभ्यासक मानतात. ‘वॉलरस’च्या या गुंतागुंतीच्या व्युत्पत्तीवर कॅथलिक साहित्यिक टॉल्किन यांनीही ऑक्सफर्ड शब्दकोशासाठी १९१९-२० मध्ये परिश्रम घेतले व तिचे अनेक मसुदे लिहिले.

या प्राण्याचे दुसरे नाव ‘रोस्मारुस’. ते आपल्याला ओलाउस माग्नुस यांच्याकडे नेते. स्वीडनने लुथरपंथ स्वीकारल्यावर ते परदेशीच राहिले. १५३९ साली व्हेनिस येथे त्यांनी उत्तरेकडील देशांचा भव्य नकाशा छापला. १५४४ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यांना उप्सालाचे आर्चबिशप नेमले. परंतु आपल्या धर्मपीठावर त्यांना कधीच बसता आले नाही. १५५५ साली रोममध्ये त्यांनी उत्तरेच्या लोकांचा इतिहास प्रसिद्ध केला. वॉलरस सुळ्यांच्या आधारे कडे चढतो व तेथेच लटकून झोपतो, असे त्यात लिहिले आहे. झोपेची गोष्ट दंतकथाच. परंतु सुळे रोवून तो बर्फावर चढतो, हे खरे. १५५७ साली रोममध्येच त्यांचे निधन झाले.

१७५८ साली स्वीडनचेच निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस यांनी ‘रोस्मारुस’ हेच नाव शास्त्रीय नामावलीत कायम केले. ज्या भूमीत आर्चबिशपांना परतता आले नाही, तेथील विद्यापीठात त्यांच्या ग्रंथातला शब्द सन्मानाने नांदू लागला. माणसाला सीमा अडवतात; शब्दाला अडवणे कठीण.