वेळासची राखण

कोडोलीचा शेतकरी रात्री पिकाची राखण करतो. ते पीक त्याचे स्वतःचे असते. सह्याद्रीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर मात्र कोणाच्याही मालकीची नसलेली अंडी राखली जातात. समुद्रकासवांची ही अंडी तेथून चोरीस जात असल्याचे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेच्या कार्यकर्त्यांना २००२ साली आढळले. त्यांनी ग्रामस्थांनाच राखणदार केले. पहाटे किनारा पायी धुंडाळायचा, वाळूतील माग पाहून घरटे शोधायचे, अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि सुमारे पन्नास दिवस वाट पाहायची. पिले बाहेर आली की समुद्राच्या स्वाधीन करायची. २००६ पासून कासव महोत्सवाला पाहुणे येऊ लागले. गावाला उत्पन्नही मिळाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घराची राखण वेळासने तेरा वर्षे आधीच आरंभिली होती.