गव्हाच्या पैशातून मराठी पुस्तकं

ग्रंथालयांचा इतिहास म्हटलं की आपल्याला देणगीदार आठवतात, ग्रंथपाल आठवतात. मला गहू आठवतो. १९५४ साली अमेरिकेनं एक कायदा केला. ‘पीएल ४८०’ या नावानं तो आपल्याकडे थेट रेशनच्या दुकानापर्यंत पोचला. १९५६च्या करारानंतर अमेरिकेचं जादा धान्य भारतात येऊ लागलं. आमच्या हट्ट्याकडची म्हातारी माणसं त्या काळातली लाल मिलो ज्वारी अजून तोंड वाकडं करूनच आठवतात.

या धान्याची किंमत डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत चुकती करायची होती. अमेरिकेच्या खात्यावर रुपये साचत गेले आणि ते बहुतेक इथेच खर्च करणं भाग होतं. त्यातल्या थोड्या रकमेची पुस्तकं घ्यायचं ठरलं. १९६२पासून ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं, मासिकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना धाडू लागलं. शिकागो, पेनसिल्व्हेनियाच्या कपाटांत मराठी अशी जाऊन बसली. पुढे ते रुपये आटले, तेव्हा त्या विद्यापीठांनी पदरचे डॉलर घालून खरेदी चालू ठेवली.

आपल्या सरकारनंही १९५४ मध्येच कायदा केला होता. प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची. कायदा चांगलाच. पण पदरमोड करून संग्रह काढणारा तालुक्याचा कवी टपालखर्चाचा आकडा पाहून गप्प बसतो. आम्हा कवींची ही जुनी रड आहे!

आणि गावाचं काय? निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी वाचनालयं लोकांनी वर्गणी काढून जगवली. महाराष्ट्रात आल्यावर, १९६७च्या कायद्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळू लागलं. त्यातून वर्तमानपत्रांचं बिल आणि ग्रंथपालाचं तुटपुंजं मानधन भागवून ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाकडे पुस्तकांसाठी उरतं तरी काय?

१ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. आता आपले रुपये जगातल्या ३० मोठ्या प्रकाशकांकडे जातात आणि त्यांची संशोधनपत्रिका सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं व संशोधनसंस्थांच्या पडद्यावर येतात. गरज होती, वादच नाही. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं नाव मात्र त्या योजनेत नाही. तिथे अजून अनुदानाचा हप्ता जमा झाला, की शासनमान्य ग्रंथांची यादी उघडून बोटावर पुस्तकं मोजली जातात.