ओढ्याला परत दिलेली जमीन

इ. स. १६३४ च्या मार्च महिन्याची २५ तारीख. देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा तो सण. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, पोटोमॅक नदीतील सेंट क्लेमेंट नावाच्या एका लहानशा बेटावर इंग्लंडहून आलेल्या माणसांनी लाकडाचा एक मोठा क्रूस उभा केला आणि येशूसंघीय धर्मगुरू फादर अँड्र्यू व्हाइट यांनी तेथे पवित्र मिस्सा अर्पण केली. ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ या दोन जहाजांतून ही मंडळी आली होती. मायदेशी कॅथोलिकांना उघडपणे उपासना करण्याची मोकळीक नव्हती. म्हणून लॉर्ड बाल्टिमोर या कॅथोलिक उमरावाने वसवलेल्या मेरिलँड वसाहतीचा त्यांनी आसरा घेतला होता.

मेरिलँडच्या धार्मिक इतिहासाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला त्याच भूमीची एक वेगळी कथा सांगावयाची आहे. ही कथा ओढ्याकाठच्या झाडांची आहे. ती झाडे तोडली कशी गेली, तोडल्यामुळे काय घडले, आणि साडेतीनशे वर्षांनंतर त्याच शेतकऱ्यांच्या वंशजांना शेताची कड सोडून ती पुन्हा का लावावी लागली, असा तिचा क्रम आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे शेतीवर उभी राहिलेली आहेत. जमिनीची एक पट्टी सोडणे म्हणजे काय, हे त्यांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

पाण्यापर्यंत आलेले अरण्य

पोटोमॅक नदी ज्या खाडीला मिळते तिचे नाव चेसापीक. लांबी सुमारे २०० मैल. पण सरासरी खोली अवघी २१ फूट. या उथळ खाडीला सहा राज्यांतून पाणी येते आणि तिचे पाणलोट क्षेत्र ६४,००० चौरस मैलांचे आहे. एवढ्या प्रदेशातील हजारो ओढे-नाले जे काही वाहून आणतील ते अखेर या उथळ पात्रात उतरते. खाडीच्या सुखदुःखाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

फादर व्हाइट यांनी आपल्या वृत्तांतात पोटोमॅकच्या विस्ताराचे आणि काठावरच्या उंच वृक्षांचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. तेथील मूळ रहिवासी शेती करीत होते, मका पिकवीत होते. परंतु त्यांची शेते लहान, अरण्याच्या कुशीतली होती. पावसाचे पाणी पानांच्या थरावर पडे, जमिनीत मुरे आणि मुळांच्या जाळ्यातून गाळून ओढ्यात उतरे. ओढ्यांवर बीव्हर नावाचे प्राणी काटक्यांचे बांध घालीत, त्यामुळे खोलगट भागात पाणथळी तयार होत. पाणी सावकाश चाले. खाली खाडीत कालवांचे प्रचंड थर होते, आणि पाण्याखालच्या गवताच्या कुरणांत खेकडे व मासे वाढत.

तंबाखू, नांगर आणि गाळ

वसाहतीचे नगद पीक म्हणजे तंबाखू. तंबाखू जमिनीचा कस लवकर शोषून घेते. तीन-चार पिके काढली की शेत थकत असे. मग ते पडीक टाकून शेजारचे रान साफ करावयाचे. प्रारंभी ही शेती कुदळीने होई आणि झाडांची खोडे जमिनीत तशीच राहत, म्हणून माती बरीचशी जागेवर टिकली. पुढे, अठराव्या शतकात, गव्हाचे पीक वाढले. नांगर आला. खोडे उपटली गेली आणि शेते ओढ्याच्या पाण्याला जाऊन भिडली. काठची जमीन सपाट व सुपीक. ती झाडांखाली ठेवणे म्हणजे वाया घालवणे, अशीच त्या काळी समजूत होती.

हे कष्ट कोणी उपसले, हेही सांगितले पाहिजे. त्यांतला फार मोठा वाटा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा होता. येशूसंघाचीही मेरिलँडमध्ये मोठमोठी शेते होती आणि त्यांवरही गुलाम राबत. १८३८ साली संघाच्या तेथील अधिकाऱ्यांनी २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. पण इतिहास सोयीपुरता सांगून चालत नाही. जमिनीला ओरबाडणारा हात माणसालाही ओरबाडीत होता.

मातीने आपला हिशेब लवकरच मांडला. चार्ल्स परगण्यात पोर्ट टोबॅको नावाचे गाव आहे. नावावरून ते तंबाखूचे बंदर वाटते, परंतु मुळात ते ‘पोटोपॅको’ या आदिवासी नावाचे इंग्रजी रूप आहे. एके काळी तेथे समुद्रावरची जहाजे लागत. वरच्या शेतांतून वाहून आलेल्या गाळाने ती नदी भरत गेली, व्यापार संपला, आणि १८९५ साली परगण्याचे मुख्य ठाणेही तेथून हलले. खाली चॅपल पॉइंटच्या टेकडीवर सेंट इग्नेशियसचे १७९८ साली बांधलेले चर्च आजही उभे आहे. फादर व्हाइट यांनी १६४१ मध्ये स्थापन केलेल्या धर्मग्रामाची परंपरा ते चालवते. त्याच्या अंगणातून ती नदी दिसते. जहाजे मात्र केव्हाच गेली. उत्तरेकडील जोपा या बंदराचीही हीच गत झाली. तेथील ठाणे १७६८ मध्ये बाल्टिमोरला हलवण्यात आले. गॉट्सचॉक या अभ्यासकाने १९४५ साली या बंदरांविषयी लिहिले, तेव्हा जहाजांचे दोर बांधण्याचे दगडी खांब पाण्यापासून दूर, कोरड्या जमिनीत उभे होते.

या गाळाचे वय कसे कळले, हेही मनोरंजक आहे. ग्रेस ब्रश या विदुषींनी खाडीच्या तळातून मातीचे उभे स्तंभ काढून त्यांतील परागकण तपासले. खोल थरांत ओक वगैरे वृक्षांचे पराग सापडतात. वर येता येता एका ठिकाणी रॅगवीड या तणाचे पराग एकाएकी वाढतात. हे तण उघड्या, नांगरलेल्या जमिनीवर माजते. म्हणजे त्या थरापाशी अरण्य संपले आणि शेत सुरू झाले. त्यावरचे गाळाचे थर पूर्वीपेक्षा कितीतरी झपाट्याने साचलेले आहेत. माणसाने लिहून ठेवले नाही ते चिखलाने लिहून ठेवले.

खाडी गुदमरते

विसाव्या शतकात गाळाच्या जोडीला दुसरे संकट आले. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक खतांचा वापर वाढला. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्यात विरघळून खाली झिरपते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून वाहते. शहरांचे सांडपाणी होतेच. खाडीत हे सारे पोहोचले की शेवाळ माजते. त्याने पाण्याखालच्या गवताचा प्रकाश अडतो. शेवाळ मरून तळाला कुजते तेव्हा पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि मासे व खेकडे यांना तेथे जगता येत नाही. जून १९७२ मधील ‘अॅग्नेस’ वादळाने तर थोड्या दिवसांत खाडीत प्रचंड गाळ लोटला, आणि आधीच खंगलेल्या गवताच्या कुरणांचा मोठा भाग नाहीसा झाला. पोटासाठी खाडीवर अवलंबून असलेल्या कोळी कुटुंबांची रोजी त्याबरोबर घटली. दोष वरच्या रानात होता, आणि भोगणारे खाली पाण्यावर होते.

सात वर्षांच्या सरकारी अभ्यासानंतर डिसेंबर १९८३ मध्ये मेरिलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, राजधानी वॉशिंग्टन आणि केंद्र सरकार यांनी खाडी वाचवण्याचा पहिला करार केला. कारखान्याच्या नळावर तोटी बसवता येते. पण हजारो शेतांतून थेंबाथेंबाने येणारे पाणी कोठे अडवावयाचे, हा खरा प्रश्न होता.

उत्तराचा एक धागा खाडीच्या काठीच सापडला. ऱ्होड नदीजवळ एका जुन्या दुग्धशाळेची शेतजमीन तिच्या मालकाने मृत्युपत्राने स्मिथसोनियन या संस्थेला दिली होती. तेथील संशोधन केंद्रात विल्यम पीटरजॉन आणि डेव्हिड कॉरेल यांनी मक्याच्या शेतातून निघून काठच्या झाडोऱ्यातून ओढ्यात जाणाऱ्या पाण्याची तपासणी केली. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडोऱ्यात शिरलेल्या नत्रापैकी सुमारे नऊ दशांश आणि स्फुरदापैकी सुमारे चार पंचमांश भाग तेथेच अडत होता. जॉर्जिया राज्यात रिचर्ड लोरन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही त्याच सुमारास असाच अनुभव आला.

यात चमत्कार काही नाही. झाडे नत्राचा काही भाग मुळांवाटे घेतात. त्याहून मोठे काम काठच्या ओल्या मातीतील सूक्ष्म जीव करतात. तेथे प्राणवायू कमी असतो, म्हणून ते श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा निरुपद्रवी वायू होऊन तो हवेत मिसळतो. या जीवांना लागणारे खाद्य कुजलेल्या पानांतून मिळते. वरून वाहणारा गाळ गवताच्या ताटांत आणि पाचोळ्यात अडतो. शिवाय झाडांची सावली पाणी थंड राखते, आणि गळालेली पाने ओढ्यातील किड्यांचे, म्हणजे पर्यायाने माशांचे, अन्न होतात. जेथे भूजल मुळांच्या खूप खालून वाहते तेथे मात्र झाडांचा हात पोहोचत नाही, हेही अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

पंच्याण्णव फुटांचा प्रश्न

१९९१ साली अमेरिकेच्या वनखात्यातील डेव्हिड वेल्श यांनी अशा काठाचा एक सोपा आराखडा प्रसिद्ध केला. पाण्यालगत १५ फूट कायमची झाडे, ज्यांना कुऱ्हाड लावावयाची नाही. त्यामागे ६० फूट झाडोरा, ज्यातून अधूनमधून लाकूड काढता येते. आणि शेताच्या बाजूला २० फूट गवत, ज्यामुळे धो धो येणारे पाणी पसरून मंद होते. एकूण ९५ फूट.

कागदावर हे सोपे आहे. ओढा शेताच्या मधून जात असेल तर दोन्ही बाजूंना ९५ फूट सोडावे लागतात, आणि ही बहुधा शेतातील उत्तम जमीन असते. शेतकरी विचारतो, ‘पाणी खालच्याचे सुधारणार, मग पीक मी का बुडवू?’ हा प्रश्न स्वार्थी म्हणून झटकून टाकणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. खाली राहणाऱ्याला स्वच्छ पाणी हवे असेल तर त्याचा सारा भार वरच्या एका कुटुंबाने का वाहावा? यासाठी १९९७ साली केंद्र सरकार व मेरिलँड राज्य यांनी मिळून एक योजना काढली. शेतकऱ्याने काठाची जमीन १० ते १५ वर्षांच्या कराराने लागवडीतून काढावयाची. सरकारने तिचे वार्षिक भाडे आणि झाडे लावण्याचा बराचसा खर्च द्यावयाचा. पुढे इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला.

प्रारंभ उत्साहाचा होता. २०१० पर्यंत २,०१० मैल काठावर झाडोरा उभा करावयाचा, असे १९९६ साली ठरले होते. ते उद्दिष्ट २००२ मध्येच पुरे झाले. परंतु २०१४ च्या करारात दरवर्षी ९०० मैलांचा संकल्प झाला, तो बहुतेक वर्षी अपुरा राहिला. स्वखुशीने पुढे येणारे शेतकरी आधीच येऊन गेले होते. लावलेली झाडेही आपोआप वाढत नाहीत. हरणे शेंडे खातात, उंदरांच्या जातीचे प्राणी साल कुरतडतात, परदेशी वेली गळफास घालतात. म्हणून प्रत्येक रोपाभोवती नळकांडे बसवावे लागते आणि पहिली काही वर्षे भोवतीचे तण काढीत राहावे लागते. कित्येक ठिकाणी रोपे लावली गेली, समारंभ झाला, आणि काळजी घेणारा कोणी उरला नाही.

दुसरी अडचण काळाची. या प्रदेशातील ओढ्यांना येणारे जवळजवळ निम्मे पाणी भूजलातून येते, आणि ते जमिनीखालून सरासरी सुमारे दहा वर्षांनी, कोठे कोठे तर पन्नास वर्षांनी, ओढ्यात पोहोचते. म्हणजे आज काठावर उभा असलेला शेतकरी जे पाणी पाहतो, त्यात त्याच्या वडिलांनी टाकलेले खत असू शकते. आणि त्याच्या आजच्या शहाणपणाचे फळ त्याच्या मुलाला दिसेल. करार मात्र पंधरा वर्षांत संपतो.

तिसरी गोष्ट इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला विशेष विचार करावयास लावणारी आहे. पेनसिल्व्हेनियातील रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी २००८ साली दाखवून दिले की, तेथील अनेक ओढ्यांचे उंच, उभे काठ नैसर्गिक नव्हतेच. पूर्व अमेरिकेत १८४० च्या सुमारास ६५,००० हून अधिक पाणचक्क्या होत्या. त्यांच्या बंधाऱ्यांमागे शेतांतून आलेली माती साचत गेली. चक्क्या बंद पडल्या, बंधारे फुटले आणि ओढ्याने त्या साचलेल्या मातीत खोल चर पाडला. आज ज्याला आपण काठ म्हणतो तो पणजोबांच्या शेतातून वाहून आलेला गाळ आहे. अशा उंच काठावर झाडे लावली तर त्यांची मुळे पाण्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही. म्हणून लँकेस्टर परगण्यात बिग स्प्रिंग रन या ओढ्यावर २०११ साली हजारो टन गाळ उकरून काढण्यात आला आणि खाली दडलेली जुनी पाणथळ पुन्हा उघडी करण्यात आली. जखम नेमकी कोठे आहे हे कळल्यावाचून मलम लावून उपयोग नाही. आणि ती कोठे आहे हे इतिहासच सांगू शकतो.

खाडी अद्याप बरी झालेली नाही. २०१० मध्ये २०२५ पर्यंतची म्हणून ठरवलेली प्रदूषण-मर्यादेची उद्दिष्टे पूर्णपणे साधली गेली नाहीत. तरीही या मधल्या वर्षांत ज्या ओढ्यांच्या काठी झाडे खरोखर जगली, तेथे सावली परतली आहे आणि शेतातून येणारा गाळ अडतो आहे. एवढे तरी सिद्ध झाले की हानी परत फिरवता येते. मात्र ज्या वेगाने केली त्या वेगाने नाही.

या कथेतून आम्हांला एकच गोष्ट मनावर ठसवावीशी वाटते. ज्या पट्टीला आपण वाया गेलेली जमीन समजलो, ती सगळ्यांसाठी राबत होती. ती कोणाकडे मजुरी मागत नव्हती म्हणून तिचे मोल कळले नाही. ते काम थांबल्यावर आता तेच पैसे मोजून, करार करून, रोपांना नळकांडी घालून परत मिळवावे लागत आहे. शेताची कड सोडणारा शेतकरी ज्यांच्यासाठी ती सोडतो त्यांना तो ओळखत नाही. ते खाली राहतात, किंवा अजून जन्माला यावयाचे आहेत. शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे आपण लहानपणापासून शिकत आलो. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाराही आपला शेजारीच आहे, हे मेरिलँडच्या शेतकऱ्यांना गाळाने साडेतीनशे वर्षांत शिकवले.