डोंगरीचं कापड आणि उसवलेली जीन्स

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मुंबईतल्या डोंगरीचं नाव इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 'डंगरी' हा तो शब्द. डोंगरीच्या किल्ल्याजवळच्या बाजारात जाडंभरडं, स्वस्त सुती कापड विकलं जाई. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणात त्याचा उल्लेख येतो. या कापडाची शिडं होत, तंबू होत. आणि जुन्या शिडांतून खलाशी स्वतःसाठी विजारी बेतत, असंही सांगतात. पुढे कामकऱ्यांच्या निळ्या पोशाखालाच हे नाव चिकटलं. जुनी जीन्स उसवून तिचा झगा, जाकीट किंवा मुलाची चड्डी शिवणारे आज पुष्कळ दिसतात. ही टूम नवी वाटते, पण तिचं मूळ इतकं जुनं आहे.

आज आपण जीन्स म्हणतो ती विजार मात्र अमेरिकेत जन्मली. नेवाडा राज्यातल्या रिनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याला नवऱ्यासाठी न फाटणारी विजार शिवायला सांगितली. घोड्याच्या झुली शिवताना वापरायच्या तांब्याच्या रिव्हेट्स हाताशी होत्या. त्या त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकल्या. ती विजार इतकी चालली, की आपल्याला कापड पुरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिव्हाय स्ट्रॉस यांना त्याने १८७२ मध्ये पत्र लिहिलं आणि २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून पेटंट मिळालं. जीन्स जन्मली ती अशी, काटकसरीच्या पोटी. कपडा लवकर फाटू नये, एवढाच तिचा हेतू होता.

पण कोणतीही विजार अखेर फाटतेच. ती फाटते कुठे, ते बघा. गुडघ्यावर, दोन पायांच्या सांध्यात आणि खालच्या काठाशी. पोटऱ्यांमागचं आणि मांड्यांच्या बाजूचं कापड मात्र शाबूत राहतं. शिवाय डेनिममध्ये उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवरच बसते. त्यामुळे जिथे घासलं तिथे कापड फिकट होतं आणि खिशाखाली झाकलेलं कापड गडद निळं राहतं. जुनी जीन्स उसवली, की वापरणाऱ्याच्या अंगमेहनतीचा नकाशाच हाती येतो.

हा नकाशा जपणाऱ्या एका बाईची हकिकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले लोक कापसाच्या मळ्यावर राबवलेल्या कृष्णवर्णीय गुलामांचे वंशज. पेटवे हे त्यांच्यातलं सर्रास आढळणारं आडनावही मळ्याच्या मालकाचं. १९४२ च्या सुमारास मिझुरी पेटवे हिचा नवरा वारला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून आणि प्रेमाने अंगावर घ्यायला. तिची मुलगी आर्लोन्झिया हिने ही हकिकत पुढे सांगितली. घरात कापसाचं पीक होतं, पण कापड विकत घ्यायला पैसा नव्हता. २००२ मध्ये या वस्तीतल्या गोधड्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं. समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीत बसवलं. २००६ मध्ये टपाल तिकिटंही निघाली. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची वाकळ झाली, त्यामागे हीच माया आणि हीच गरज होती.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मात्र ठिगळाचा अर्थ पालटला. अमेरिकेतली खात्यापित्या घरांतली मुलं जुन्या जीन्स हौसेने घालू लागली. पायाची बाहेरची शिवण उसवून त्यात फुलाफुलांच्या कापडाची त्रिकोणी कळी घातली, की विजार खाली घेरदार होई. दोन्ही पायांची आतली शिवण उसवून मध्ये त्रिकोणी तुकडा जोडला, की विजारीचा झगा होई. १९७३ मध्ये लिव्हाय स्ट्रॉस कंपनीनेच सजवलेल्या डेनिमची स्पर्धा जाहीर केली. गरिबाच्या घरचं ठिगळ लपवायचं असतं. हौसेचं ठिगळ मिरवायचं असतं. कापड तेच, टाका तोच, फरक निवड करता येण्याचा.

या हौसेची पुढची पायरी मात्र भीषण निघाली. जुनेपणाच देखणा ठरल्यावर नवी जीन्सच जुनी करून विकायला सुरुवात झाली. त्यासाठी कारखान्यांत कपड्यांवर वाळूचा जोरदार झोत सोडत. ती धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होई. तुर्कस्तानात अनेक तरुण कामगार या रोगाने मेले, तेव्हा कुठे २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. वर्षानुवर्षं घालून जीन्स जशी विटते, तशी ती काही मिनिटांत विटवण्याची ही किंमत.

आपल्याकडचा शिंपीही या इतिहासाबाहेर नाही. १९९५ मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाने कापड, चेन, रिव्हेट्स असं सगळं एका पाकिटात घालून १९५ रुपयांना बाजारात आणलं. शिवण गावच्या शिंप्याने घालायची. तयार जीन्स न परवडणाऱ्यांपर्यंत ती अशी पोचली. आज त्याच शिंप्याकडे जुनी जीन्स नेली, तर तो म्हणतो, "एवढ्या मजुरीत नवीन येईल की!" आणि त्याचं खरंच असतं. टिपा उसवायला वेळ जातो, सोळा नंबरची सुई लागते, जाड सांध्यावर तीही मोडते.

गंमत इथेच आहे. मिझुरी पेटवेच्या काळी कापड महाग होतं आणि घरच्या बाईच्या वेळेला मोल नव्हतं. आज कापड स्वस्त आणि वेळ महाग. पण कापड खरंच स्वस्त झालं आहे का? कापसाच्या शेतापासून घरातल्या धुण्यापर्यंत एका जीन्समागे सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागतं, असा हिशेब लिव्हाय स्ट्रॉस कंपनीनेच २०१५ मध्ये मांडला. ते पाणी आणि वाळू झेलणाऱ्या कामगाराची छाती दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेली नसते.

म्हणून जुनी जीन्स बोहारणीला देण्याआधी एकदा उलटी करून बघावी. गुडघा गेला असेल, पण पोटरीचं कापड धड असतं. त्यात लहान मुलाची चड्डी निघते, दोन जीन्सच्या पायांत बिनबाह्यांचं जाकीट निघतं. मजुरी थोडी जास्त पडेल. ती शिंप्याच्या हाती पडेल, एवढं मात्र नक्की.