कुमारांची मैफल आणि जपानी टेप

परवा माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत तीस-चाळीस कॅसेट्स, निम्म्यांवर पांढरी बुरशी. आपल्याकडचा पावसाळा कुणालाच सोडत नाही, तिथे कॅसेटची काय कथा! एकीवर बॉलपेनने फक्त ‘कुमार – मैफल’ एवढंच लिहिलंय. ना तारीख, ना गाव. मामाने आखातातून आणलेल्या पॅनासॉनिकवर कुणाच्या तरी कॅसेटवरून ती उतरवून घेतली होती. ही जपानी यंत्रं घरोघर आली नसती, तर मैफल नावाची गोष्ट आमच्या पिढीपर्यंत कितपत पोचली असती, कोण जाणे.

कुमार गंधर्व १९४८ साली देवासला गेले ते क्षयाने आजारी होऊन. माळव्यातलं हे गाव तसं आपल्याला परकं नाही. धार आणि देवास, दोन्हीकडे मराठे पवारांची राज्यं. देवासची तर गंमतच. एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खाजगी सचिव होता, आणि त्यावर त्याने १९५३ साली पुस्तकही काढलं. याच देवासला उस्ताद रजब अली खाँ राहत. १८७४ चा जन्म, १९५९ साली गेले. एवढा मोठा गवई, पण त्यांचं ध्वनिमुद्रित गाणं आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. जुने लोक त्यांच्या तानांविषयी सांगायचे, आपण माना डोलवायच्या. बस्स.

कुमारांचा आणि रेकॉर्डचा संबंध मात्र उलटा आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा (जन्म १९२४) प्रसिद्ध झाला तोच मुळी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन! तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, त्यातली प्रत्येक हरकत जशीच्या तशी. लोक थक्क व्हायचे. पण नक्कल ती नक्कलच. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचं रीतसर शिक्षण झालं, आणि आपल्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांना विद्या मिळाली. हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग आजार. गाणं बंद. काही वर्षं अंथरुणावर पडून बायकांची माळवी गाणी, भजनं गाणारे जोगी, बाजारातले आवाज ऐकणं एवढंच. स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि माणूस वाचला, एक फुप्फुस मात्र कामातून गेलं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले ते वेगळंच गाणं. लोकधुनांतून निघालेले राग, निर्गुणी भजनं, छोटे टोकदार स्वरसमूह. ‘एकच फुप्फुस, म्हणून तुकडे तुकडे गातात’ असं म्हणणारे होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. दम कमी पडला म्हणून तान आखूड होईल, पण नवा राग कसा सुचेल?

आणि हेच तबकडीतून कळत नाही, मैफलीच्या टेपमध्ये कळतं. तंबोरे जुळवायला घेतलेला वेळ, मध्येच थांबणं, पुढच्या रांगेतून आलेलं ‘वा’, कुणाचा तरी खोकला. आमच्या कॅसेटमध्ये गंमत म्हणजे गाणं सुरू होण्याआधी क्षणभर तेच गाणं अगदी पुसट ऐकू येतं. टेपच्या गुंडाळीत एका थराची छाप शेजारच्या थरावर उतरते, त्याचा हा प्रकार. लहानपणी मला वाटायचं, मागे दुसरं कुणी गातंय.

केरीच्या केसरबाईंचं उदाहरण घ्या. ध्वनिमुद्रणाचं त्यांना फार प्रेम नव्हतं. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं, बाई १६ सप्टेंबरला गेल्या. केवढा मान! पण भरात आलेली बाईंची दोन-तीन तासांची बैठक? ती यानात नाही, आणि आपल्याकडेही फारशी नाही. तिकडे डीप पर्पल या इंग्रज रॉक बँडच्या ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाका-टोकियोच्या मैफली जपानी कंपनीने आग्रह धरून ध्वनिमुद्रित करवल्या. ती तबकडी आजही निघते. आपल्याकडे हे काम बऱ्याच ठिकाणी हौशी माणसांनी केलं, कधी गायकाला विचारून, कधी पिशवीत यंत्र लपवून. लपवणं चूक, हे मान्य. पण तसल्या चोरीच्या टेपवर मी वाढलोय, तेव्हा फार बोलण्याचा अधिकार मला नाही.

एका मित्राने कॅसेट संगणकावर उतरवून द्यायचं कबूल केलंय. बुरशी त्याने कापसाने हळूच पुसली. पहिली बाजू ठीक निघाली, पंचेचाळीस मिनिटं. शेवटी द्रुत बंदिश रंगात आलीय, कुमार समेवर येणार, आणि टेप संपते. दुसरी बाजू सुरू होते ती टाळ्यांनी.