मिर्झाराजांचा 'झ'

जयपूरहून तीन कोसांवरचा आमेरचा किल्ला मराठी माणूस पाहतो, तो मिर्झाराजे जयसिंहांचे नाव मनात घेऊनच. १६६५ सालचा पुरंदरचा तह आणि त्यात गेलेले २३ किल्ले तो कसे विसरेल?

याच नावावरून परवा आमच्या घरी प्रश्न उपस्थित झाला. मुलीने शाळेच्या हिंदी वहीत 'मिर्झा' लिहिले. गुरुजींनी 'झ' खोडून नुक्त्याचा 'ज़' केला. "बाबा, मग आपले मराठी पुस्तक चुकले का?" असे तिने रडवेल्या स्वराने विचारले.

चूक कोणाचीच नाही. फारसी लिपीत या ध्वनीला चार अक्षरे आहेत. जमीन, जरा, जिल्हा, नजर या शब्दांत मुळात ती चारही निरनिराळी. मराठीने चौघांनाही एकच 'ज' दिला. 'जुना' आणि 'जीव' यांतला भेद जी भाषा चिन्हावाचून ओळखते, तिला नुक्ता हवासा वाटला नाही. इंग्रजी 'झेड'साठी मात्र आपण 'झाड'मधला दंत्य 'झ' योजिला. झेब्रा, झिंक ही त्याची उदाहरणे. हिंदीत तो दंत्य उच्चारच नाही. तेथे 'झ' म्हणजे 'झंडा'तला. गंमत अशी की, एकाच फारसी अक्षराचा औरंगजेब आपण बहुधा 'ज'ने लिहितो आणि मिर्झा 'झ'ने!

मुलीस आम्ही सांगितले, हिंदीत नुक्ता अवश्य दे, मराठीत 'झ' सोडू नकोस. बदलीबरोबर शाळा बदलतील. मराठीची वही मात्र आपणच घरी तपासावयाची आहे.